पाचरीबाहेरचे मैदान

बास्केटबॉलमध्ये बचावाच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत प्रत्येक खेळाडूला एक प्रतिस्पर्धी नेमून दिलेला असतो. तो जाईल तिथे त्याच्या मागे जायचे. दुसऱ्या रीतीत माणूस नव्हे, जागा नेमून दिलेली असते. त्या जागेत जो येईल तो आपला, आणि तो बाहेर पडला की शेजाऱ्याचा. या दुसऱ्या रीतीला झोन म्हणतात. कोथरूडच्या एका शाळेत मी आयुष्यभर सकाळी गणित शिकवले आणि संध्याकाळी हा खेळ. दरवर्षी नवी मुले विचारीत, "सर, झोनमध्ये पळावं कमी लागतं ना?" मी सांगे, की पळावे तेवढेच लागते, आणि त्याशिवाय बोलावे फार लागते. हे बोलणे मी कोठे शिकलो ते मात्र त्यांना कधी सांगितले नाही.

आमच्या कॉलेजचे मैदान मुख्य इमारतीच्या मागे होते. सिमेंटचे, भेगाळलेले, एका बाजूला वसतिगृहाच्या कपडे वाळत घालण्याच्या तारा. तीन गुणांची रेघ तेव्हा नुकतीच खेळात आली होती आणि आमच्या मैदानावर ती रंगाने नव्हे, फक्कीने आखलेली असे. पावसाची एक सर आली की पुसून जाई. आमचे क्रीडाशिक्षक, ज्यांना आम्ही नुसते 'सर' म्हणत असू, ती पुन्हा दोरी धरून स्वतः आखीत. सरांना झोन मुळीच मान्य नव्हता. "झोन म्हणजे उभ्याने घेतलेली वामकुक्षी," असे ते म्हणत. "ज्यांना माणूस आवरत नाही ते जागा आवरतात." त्यामुळे पहिली दोन वर्षे आम्ही माणसामागे माणूस धावत राहिलो आणि नियमाने पहिल्याच फेरीत हरत राहिलो.

तिसऱ्या वर्षी पुण्याबाहेरच्या मांजरी गावाहून एक मुलगा आला. उंच, म्हणजे दारातून येताना सवयीने मान लववणारा उंच. घरची उसाची शेती होती. तो रोज सायकलने येई. त्याला आम्ही पुढे 'मधला' म्हणू लागलो. येथेही मी त्याला तेच म्हणेन. पहिल्याच आठवड्यात सरांच्या डोळ्यांत पूर्वी न पाहिलेली चमक दिसली. रिंगणाखाली उभा राहून हा मुलगा चेंडू नुसता उचलून घ्यावा तसा हवेतून घेई. मात्र दिवस कलू लागला की तो सरांपुढे जाऊन उभा राही.

"सर, जातो."

"का हो? राजेसाहेबांची आगगाडी सुटते?"

"सायकल हाय, सर. लांब जायचं हाय."

"मग सायकल तुमची वाट पाहील. तिला वेळापत्रक नसतं."

तो हसे आणि तरीही जाई. सरांना तो आळस वाटे. आम्हांला शिष्टपणा वाटे. आमच्यात एक पेठेतला खेळाडू होता; वडिलांचे भांड्यांचे दुकान, जीभ दुकानातल्या सांडशीसारखी. तो एकदा म्हणाला, "याला दिवेलागणीच्या आत घरी नाही नेलं तर याचा भोपळा होतो बहुतेक."

आणखीही काही गोष्टी होत्या, ज्या आम्ही पाहत होतो आणि ज्यांची बेरीज कोणी करीत नव्हते. बाजूने आलेला पास त्याच्या खांद्यावर आदळे. कडेला काढून ठेवलेल्या आमच्या चपलांना तो अडखळे. आणि तो मान फार फिरवी. टेबलफॅन जसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो, तशी.

एका ढगाळ दुपारी बाजूने आलेला एक जोरकस पास सरळ त्याच्या कानावर बसला. तो खाली बसला. पेठेतला म्हणाला, "अहो सरदार, चेंडू गोल असतो, नारंगी असतो, आणि बऱ्यापैकी मोठाही असतो." कोणीतरी हसले. मधला कानावर हात धरून उठला, सरांकडे गेला आणि आम्हां सर्वांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात म्हणाला, "सर, मला कडंचं दिसत न्हाई. आन् दिवस बुडाला की काहीच न्हाई."

नंतर त्याने जे सांगितले ते असे. त्याच्या मामालाही हेच होते. आधी रात्रीचे गेले, मग कडांचे, आणि मग नळीतून पाहावे तेवढे उरले. शेवटी तेही गेले. मामा आता ओट्यावर बसून असतो. ससूनमधल्या डॉक्टरांनी याचेही डोळे तपासून सांगितले होते की यावर औषध नाही. वेग मात्र माणसागणिक वेगळा असतो.

"समोरचं दिसतं?" सरांनी विचारले.

"समोरचं झकास दिसतं. तक्त्यावरली शेवटची ओळ वाचतो."

सर फक्कीचा डबा घेऊन आले. मग त्यांनी जे केले ते मी पुढे वर्गात कोन शिकवताना नेहमी आठवत आलो आहे. त्यांनी त्याला मैदानाच्या मधोमध उभे केले आणि समोरच्या बोर्डावर नजर ठेवायला सांगितले. आपला पांढरा रुमाल हातात उंच धरून ते त्याच्या डाव्या बाजूने, खांद्याच्या रेषेपासून, हळूहळू पुढे येऊ लागले. "दिसला की सांग." आम्हांला वाटत होते की आता सांगेल, आता सांगेल. सर जवळजवळ त्याच्या समोर येऊन पोचले तेव्हा तो म्हणाला, "आला." तेथे सरांनी फक्कीची रेघ मारली. मग उजव्या बाजूने तेच. त्याच्या पावलांपासून निघणाऱ्या त्या दोन रेघांच्या मध्ये एक निमुळती पाचर उरली, लाकूड फोडताना ठोकतात तशी. त्या पाचरीत त्याचे जग होते. बाकीचे सगळे मैदान तिच्या बाहेर होते.

तो खाली पाहून म्हणाला, "एवढंच हाय व्हय?" ते त्याने पहिल्यांदाच आखलेले पाहिले होते.

त्याला काय हवे होते, हे आता सांगितले पाहिजे. त्या काळी सरकारी उपक्रम आपापले खेळांचे संघ बाळगत आणि चांगल्या खेळाडूंना नोकरीत घेत. अशाच एका उपक्रमाचे लोक आंतरमहाविद्यालयीन सामने पाहायला येत आणि त्यांना एक उंच खेळाडू हवा होता, हे सरांच्या कानावर होते. एकदा माणूस कायम झाला की पुढे त्याचे काही बिघडले तरी त्याला बसून करण्याचे काम देतात, काढून टाकीत नाहीत, असा सर्वांचा समज होता. मधल्याचा हिशेब सरळ होता. डोळे जायचेच होते. ते जाण्याआधी नोकरी मिळाली तर पुढचे आयुष्य मामासारखे ओट्यावर जाणार नव्हते. "डोळ्याच्या आधी पोचायचं, सर. बस्स," तो म्हणाला.

सर म्हणाले, "त्यांनी डोळ्यांबद्दल विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. नाही विचारलं तर आपणहून सांगायलाही जाणार नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून, उभ्याने घेतलेल्या वामकुक्षीचा तिरस्कार करणाऱ्या त्या माणसाने आम्हांला झोन शिकवायला सुरुवात केली. कारण उघड होते. माणसामागे माणूस या रीतीत मधल्याचा माणूस पाचरीबाहेर पाऊल टाकताच नाहीसा होत असे. जागा नाहीशी होत नाही.

आमची रचना दोन पुढे, तीन मागे अशी होती. मागच्या तिघांत उजवीकडे पेठेतला, डावीकडे मी आणि रिंगणासमोर, दोघांच्या मध्ये, मधला. लोकांना वाटते की झोनमध्ये पाच जण पाच ठिकाणी उभे असतात. खरे तर ते एका सतरंजीची पाच टोके धरून असतात. चेंडू डाव्या कोपऱ्यात गेला की मी त्याच्यावर जायचे. माझ्या मागची मोकळी जागा मधल्याने घ्यायची. त्याची जागा उजवीकडच्याने. पुढच्या दोघांनी खाली सरकायचे. आणि हे चेंडू कोपऱ्यात पोचल्यावर नव्हे, तो हवेत असतानाच. पोचल्यावर सरकणारा झोन हा नेहमी एक पाऊल उशिरा असतो, आणि समोरच्याला तेवढे एकच पाऊल हवे असते. हात सतत वर हवेत. हात वर असले की दोन माणसांमधली फट तेवढी लहान होते आणि पास देणाऱ्याला ती आणखीच लहान भासते. सर आम्हांला हात वर करून, चेंडूशिवाय, इतका वेळ सरकवीत की खांदे भरून येत आणि रात्री जेवताना घास तोंडाशी जड होई.

झोनचे मर्म मात्र हातात किंवा पायात नसते. कोणत्याही नेहमीच्या संघात मधला खेळाडू हा झोनचा डोळा असतो. चेंडू समोर आणि माणसे पाठीमागे, दोन्ही त्यालाच पाहावी लागतात, आणि तोच ओरडून बाकीच्यांना सांगतो. आमच्याकडे हे उलटे करावे लागले. सरांनी नियम घातला : मधल्याने फक्त चेंडू पाहायचा. चेंडू पाचरीत ठेवून फिरायचे. पाचरीबाहेर जे काही आहे ते इतर चौघांनी पाहायचे आणि त्याला सांगायचे. जो चेंडूपासून सर्वांत दूर असतो त्याला सर्वांत जास्त दिसते, म्हणून सर्वांत जास्त बोलायचे त्याने.

पहिले काही दिवस हे हास्यास्पद झाले. आम्ही चांगल्या घरची, हळू बोलायला शिकवलेली मुले होतो. पेठेतला तर आख्खी वाक्ये बोले : "अरे, तुझ्या पाठीमागून त्यांचा तो दाढीवाला येतोय बघ." तोवर दाढीवाला येऊन, गुण करून, परत गेलेला असे.

सर थांबवीत. "छान. आता कर्ता, कर्म, क्रियापद सोडून द्या आणि नुसतं बोंबला."

मग शब्द ठरले. डावा. उजवा. मागे. सुटला, म्हणजे चेंडू बास्केटकडे फेकला गेला. या शेवटच्या शब्दाला सर सर्वांत अधिक महत्त्व देत, कारण झोनची खरी दुबळी जागा तेथे आहे. चेंडू सुटला की तो बोर्डावरून कोणाकडे परतेल याचा भरवसा नसतो. एरवी अशा वेळी प्रत्येक जण आपापल्या माणसाला पाठीने अडवतो. झोनमध्ये मात्र कोणाचाच माणूस ठरलेला नसतो. ज्याला त्याला त्या क्षणी जवळचा शोधावा लागतो. आमचा मधला तो आवाजावर शोधी. मी "डावा" म्हटले की डाव्या बाजूला कोणीतरी आहे असे समजून तो आधी पाठ त्या बाजूला टेकवी, आणि मगच उडी मारी. शब्द आला नाही तर बाजू मोकळी, असा त्याचा अर्थ.

आणि एक विलक्षण गोष्ट घडली. एका माणसाला दिसत नाही म्हणून आम्ही चौघे जेवढे पाहू आणि बोलू लागलो, तेवढे कोणताच संघ पाहत किंवा बोलत नव्हता. समोरच्यांना वाटे की हा मधला अचाट आहे, याला पाठीमागेही डोळे आहेत. पहिली फेरी जिंकली. दुसरी जिंकली. उपांत्य सामन्यात एका मोठ्या कॉलेजला आम्ही इतक्या थोड्या गुणांत रोखले की त्यांचे शिक्षक येऊन सरांना म्हणाले, "काय हो, हे तुमचे पाच जण खेळतात का भांडतात?"

"भांडतात," सर म्हणाले. "पुण्याचे आहेत."

हे सगळे सामने उघड्या मैदानावर, उन्हात झाले होते. अंतिम सामना हॉलमध्ये होता. आयोजकांनी तो उशिरा संध्याकाळी ठेवला होता. सरांनी अर्ज करकरून तो दुपारी आणवला. आदल्या दिवशी ते मधल्याला घेऊन हॉल पाहून आले. दिवे कोठे आहेत, कोणत्या खिडकीतून तिरीप येते, रेघेपासून खुर्च्या किती लांब आहेत, आपण बसण्याचा बाक कोठे ठेवायचा, सगळे त्यांनी पाहिले. तेथून आल्यावर मधला मला म्हणाला, "बेस हाय. ट्यूबा लई हायेत. समदं दिसतंय." समदं म्हणजे अर्थात पाचरीतले.

हॉल तेव्हा रिकामा होता.

सामन्याच्या दिवशी पहिल्या रांगेत सफारी घातलेले दोन गृहस्थ चहा घेत बसले होते. तेच ते उपक्रमाचे लोक, हे सरांनी आम्हांला नजरेनेच सांगितले. आम्ही सराव करून रांगेत उभे राहिलो तोच मागच्या दारातून ढोल आत आले. आधी एक, मग आणखी, मग ताशे. पेठेतल्याच्या गल्लीतले मंडळ होते. आपल्या आळीचा मुलगा अंतिम सामना खेळतो आहे म्हणून ती पोरे टेम्पो करून, गणपतीचे सगळे ढोल काढून आली होती. आमच्या कॉलेजातली मुले त्यांना मिळाली. पेठेतल्याचा चेहरा अभिमानाने उजळला. त्याने हात उंच केला. पत्र्याच्या छताखाली पहिला ठोका पडला आणि तो माझ्या बरगड्यांत जाणवला.

मी मधल्याकडे पाहिले. तो मान फिरवीत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सामना सुरू झाला आणि पहिल्या काही क्षणांतच कळले. मी "डावा" म्हणून ओरडलो आणि मलाच माझा आवाज ऐकू आला नाही. चेंडू त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत गेला, तेथून रिंगणात. पुन्हा तेच झाले. पेठेतल्याचा उजळलेला चेहरा पाहता पाहता विझला. सरांनी वेळ मागून घेतला आणि ते आयोजकांकडे गेले.

"ते ढोल बंद करायला सांगा."

"अहो सर, तुमचेच आहेत ना ते? मग तुम्हीच सांगा की."

सर मंडळाच्या म्होरक्याकडे गेले. पेठेतला धावत त्यांच्या पुढे. "अरे, वाजवू नका! पाया पडतो!"

म्होरक्याला ते लागले. "सर, पोरं कामधंदा टाकून आलीत. तुमच्यासाठीच वाजवतोय ना?"

"माहीत आहे," सर म्हणाले. "आमच्यासाठीच थांबा."

कारण सांगता येत नव्हते. पहिल्या रांगेतले सफारी तेथून हाकेच्या अंतरावर होते. ढोल थांबले, आणि आम्ही पुन्हा आम्ही झालो. आवाज जागेवर आले, सतरंजी ताणली गेली, समोरच्यांना फट सापडेना. मधल्याने लागोपाठ चेंडू काढले आणि त्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याच्या कानाशी काहीतरी म्हटले. आम्ही बरोबरी साधली. त्या बरोबरीवर आमच्या मुलांनी आरोळी ठोकली, तेव्हा समोरच्या कॉलेजच्या बाजूने कोणीतरी ओरडले, "काय रे, ढोलवाल्यांचा दम संपला का? का भाडं तेवढ्याचंच दिलंय?"

पेठेतली पोरे हे ऐकून घेणारी नव्हती. ढोल पुन्हा उठले, आणि आता ते आमच्यासाठी नव्हते, त्या वाक्यासाठी होते. ते थांबवणे कोणाच्याच हातात उरले नव्हते.

मध्यंतरात सरांनी मधल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बसतोस?"

तो घामेजून गेला होता. "बसलो तर त्येंनी काय बघायचं, सर?"

सरांनी खांद्यावरचा हात काढला आणि त्याला पुन्हा मैदानात जाऊ दिले. आम्ही हातांनी खुणा करून पाहिल्या; त्या पाचरीबाहेर होत्या. मी त्याच्या जवळ सरकून राहू लागलो, म्हणजे निदान धक्का देऊन सांगता येईल. त्यामुळे माझा कोपरा उघडा पडला आणि समोरच्यांनी तेथून तीन-तीन गुण घेतले. झोनमध्ये एकाला सांभाळायला दुसरा गेला की सगळी सतरंजी त्या बाजूला ओढली जाते.

सामना संपायला थोडा वेळ उरला असताना चेंडू आमच्या उजव्या कोपऱ्यात गेला. पेठेतला त्याच्यावर धावला. मधला त्याच्या मागे सरकला, चेंडू पाचरीत धरून, हात वर. मी रिंगणाखाली आलो. तेवढ्यात त्यांचा एक खेळाडू वरून, माझ्या आणि मधल्याच्या मधून, आत घुसला. कोपऱ्यातून चेंडू सुटला. मी "सुटला" आणि "डावा" हे दोन्ही शब्द घसा फाटेल असे ओरडलो. मधल्याने चेंडू सुटलेला पाहिला, कारण तो पाचरीत होता. डावा शब्द त्याला आला नाही. शब्द नाही म्हणजे बाजू मोकळी, हे आम्हीच त्याला शिकवले होते. तो डावीकडे वळून पूर्ण ताकदीने, कोपर उचलून उडाला, आणि ते कोपर त्या मुलाच्या तोंडावर बसले.

हाड मोडल्याचा आवाज ढोलांतूनही ऐकू आला असे मला वाटते. कदाचित तो मी पाहिला असेल. मुलगा पालथा पडला. नाकातून रक्त लादीवर पसरले. ढोल एकेक करून थांबले, ताशे थांबले, आणि हॉल इतका शांत झाला की पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली. जखमी मुलाचा जोडीदार धावत आला आणि त्याने मधल्याला छातीवर ढकलले.

"आंधळा आहेस का रे? दिसत नाही तुला?"

असे कोणीही कोणालाही म्हणतो. रस्त्यावर दिवसातून दहादा ऐकू येते. त्याला उत्तर अपेक्षित नसते. मधला त्या रक्ताकडे पाहत होता. तो म्हणाला, "न्हाई दिसत."

मग, जणू ते पुरेसे अचूक झाले नाही असे वाटून, त्याने दुरुस्त केले : "कडंचं न्हाई दिसत मला."

त्या शांततेत हे शेवटच्या रांगेपर्यंत गेले. पहिल्या रांगेपर्यंत अर्थातच गेले. मधल्याने स्वतःच बाकाकडे चालायला सुरुवात केली आणि रेघेजवळच्या खुर्चीला तो अडखळला.

आम्ही हरलो. सामन्यानंतर सफारीतल्या थोरल्या गृहस्थांनी सरांना बाजूला घेतले. मी बुटाच्या नाड्या सोडीत जवळच बसलो होतो.

"सर, तो म्हणाला ते खरं आहे?"

"खरं आहे."

"वाईट वाटतं हो. आमचं जवळजवळ ठरलं होतं." त्यांनी बाकाकडे एकदा पाहिले. "पण आता आम्ही ऐकलं. ऐकलं नसतं तर गोष्ट निराळी."

पेठेतला हॉलच्या पायरीवर बसून होता. मंडळाची पोरे टेम्पोत ढोल चढवीत होती आणि त्यांतला एक जण त्याची समजूत घालीत होता, "जाऊ दे रे, पुढच्या वर्षी दुप्पट ढोल आणू." मधला पेठेतल्याच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "ढोल झ्याक वाजत व्हते पर." दिवस मावळत आला होता. त्या दिवशी प्रथमच त्याने घाई केली नाही. पेठेतल्याने आणि मी त्याला मांजरीपर्यंत सोडले; त्याची सायकल मी चालवली आणि तो पेठेतल्याच्या सायकलवर मागे डबलसीट बसला. ओट्यावर त्याचा मामा बसलेला होता. पावले ऐकून त्याने विचारले, "झालं का रं काम?" मधला म्हणाला, "न्हाई," आणि त्याच्या शेजारी बसला.

पुढच्या मोसमात सरांनी पुन्हा माणसामागे माणूस शिकवायला सुरुवात केली. मैदानावरची पाचर त्यांनी मुद्दाम पुसली नाही. ती त्याआधीच पावसाने गेली होती.

मधल्याचे डोळे मामाच्या मानाने लवकर गेले. मी वर्षातून एकदोनदा मांजरीला जात राहिलो. उसाच्या जागी हळूहळू इमारती आल्या. त्याच्या भावाने बरीच जमीन विकली, घर आणि पुढचे अंगण तेवढे ठेवले. मधला त्या अंगणात आवाजावर चालतो. नळाची धार उजवीकडे, गोठ्यातली साखळी डावीकडे, समोर भावजयीच्या भांड्यांचा आवाज. पाठीमागून किंवा बाजूने कोणी एकाएकी हात लावला तर तो दचकून कोपर उचलतो. म्हणून आधी बोलायचे, मग जवळ जायचे, हे घरातले सगळे पाळतात. मीही पाळतो.

मागच्या श्रावणात गेलो तेव्हा संध्याकाळ होती. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नव्या सोसायट्यांतली मुलेमुली ढोल घेऊन जमली होती; गणपती जवळ आले की तेथे रोज सराव असतो. मधला नळावर पाय धुऊन घराकडे निघाला होता. मी फाटकातून हाक मारणार तोच ठोका पडला.

तो अंगणाच्या मधोमध थांबला. जेथे होता तेथेच. मग त्याने दोन्ही हात वर केले, तळवे बाहेर, बोटे पसरलेली, आणि गुडघ्यांत किंचित वाकून तो उभा राहिला. असे उभे राहायला आम्हांला सरांनी शिकवले होते.

भावजय दारात आली आणि माझ्या कानाशी येऊन ओरडली, "ऱ्हाऊ द्या, सर! थांबत्यात ते! रोजचंच हाय!"

"किती वेळ?"

"वाजतंय तवर!"

मी अंगणात शिरलो. डाव्या बाजूने, त्या दिवशी तो मुलगा घुसला होता तसे, जाणे मला जमले नाही. वळसा घालून मी त्याच्या बरोबर समोर आलो, जेथे पूर्वी पाचर असे तेथे, आणि पूर्ण आवाजात "डावा" म्हणालो. तो माझ्याकडेच तोंड करून होता, पण शब्द आताही पोचला नाही. ढोलांचा फेर संपून दुसरा लागला, घाम त्याच्या कोपरांवरून ओघळू लागला, खांदे थरथरू लागले. पण त्याने हात खाली घेतले नाहीत.